कापताना माया सोडावी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शिवणवर्गाच्या प्रशिक्षिका यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शिंप्याच्या दुकानात कापड कापले जात असताना लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. खडूची रेघ मापावर ओढली जाते. कात्री मात्र त्या रेघेवरून चालत नाही, थोडी बाहेरून चालते. शिलाईत जाणारे, आणि पुढेमागे कपडा उसवून सैल करावा लागला तर उपयोगी पडणारे कापड कडेला राखून ठेवले जाते. या राखून ठेवलेल्या कापडाला मराठी शिवणकामात 'माया' म्हणतात. माया अगदीच बेताची सोडली, तर कपडा पहिल्या दिवशी नीट बसतो. पण मूल वर्षभरात वाढले की तो निकामी ठरतो. दोन बोटे कापड वाचविण्याच्या लोभात सबंध कपडा वाया जातो.

कापडाच्या बाबतीत जो नियम साध्या शिंप्याला कळतो, तो शिवणविद्या शिकविणाऱ्या माणसाच्या बाबतीत पाळला जातो काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सुईदोऱ्याची विद्या नाही असे गाव सापडणे कठीण. ती जाणणाऱ्या स्त्रियाही गावोगावी आहेत. परंतु ती विद्या दुसऱ्याला देणे आणि सतत माल काढीत राहणे, ही दोन कामे अलीकडे एकच मानली जाऊ लागली आहेत. त्यातून विद्येचे नुकसान होते आणि शेवटी मालाचेही होते.

चैत्र-वैशाखातील शाळा

नांदेड जिल्ह्यातील कापूस आणि लातूर जिल्ह्यातील सोयाबीन ही आज खरिपाची मोठी पिके. मृगाच्या पेरणीपासून येथील कष्टकरी स्त्रीच्या हाताला विसावा नसतो. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, पुढे तूर आणि हरभरा, असे एकामागून एक काम उभे असते. गुढीपाडव्याच्या सुमारास शेतीचा पसारा आवरला म्हणजे ओसरीवर, अंगणात किंवा लिंबाच्या सावलीत गोधडीचे काम निघते. कोठे तिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. पावसाळ्याच्या आत ती अंथरुणा-पांघरुणाला तयार व्हावी, एवढीच तिची मुदत.

वरवर पाहणाऱ्याला गोधडी म्हणजे जुनेरांचा उपयोग वाटतो. प्रत्यक्षात ती एक संपूर्ण शाळाच आहे. कोणते लुगडे आत घालावे आणि कोणते वर घ्यावे, हे कापड हाताने ताणून ठरविले जाते. विरलेल्या कापडाला ताठ नवे कापड जोडले, तर टाक्याजवळ जुने फाटते, हे जाणतीला ठाऊक असते. थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हात फिरवीत सुरकुती काढावयाची, कोपऱ्यांवर वजन ठेवावयाचे, आधी लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बांधावयाचे आणि मग धावदोऱ्याच्या ओळी घालावयाच्या. दोरा सैल राहिला तर थर सरकतात. अति ओढला तर कापड चुण्या धरते. या दोहोंमधला जो नेमका ताण, तो पुस्तकात लिहून दाखविता येत नाही. तो शेजारी बसूनच हाताला कळतो.

म्हणूनच नवशिकी मुलगी प्रथम सुईत दोरा ओवून देते, मग मधली सरळ ओळ घालते आणि कोपऱ्याला पोचली की सुई जाणत्या हातात जाते. चुकलेली ओळ आजी उसविते, रागावत नाही. उसविता उसविता कोठे चुकले ते सांगते. दृष्टी थकली म्हणून आजी दोन ओळी घालून उठली, तरी तिचे काम थांबले असे कोणी म्हणत नाही. तिच्या मोसमात किती गोधड्या झाल्या, याची नोंद कोठेही नसते. तिने दिलेला टाका नातीच्या आणि शेजारणीच्या हातात राहिलेला असतो, आणि तोच तिचा हिशेब असतो. आषाढात काम बंद पडले म्हणून विद्या बंद पडली असे होत नाही. पुढच्या चैत्रात ती पुन्हा ओसरीवर येऊन बसते.

तांड्यावरची सुई

हीच गोष्ट बंजारा समाजाच्या भरतकामात दिसते. किनवट, माहूर, मुखेड, कंधार या नांदेड जिल्ह्यातील आणि अहमदपूर, जळकोट या लातूर जिल्ह्यातील तालुक्यांत बंजारा तांडे आहेत. आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांनी सजविलेली फेटिया-कांचळी ही या समाजातील स्त्रीची ओळख. असा एक पोशाख फावल्या वेळात, थोडा थोडा करून पुरा होतो. आरसा कापडावर चिकटवीत नाहीत; त्याच्याभोवती टाक्यांचे कोंदण करून तो बसवितात. मुलगी आईजवळ बसून हे कोंदण शिकते.

आता शहरांतील प्रदर्शनांमुळे या कामाला गिऱ्हाईक मिळू लागले आहे, ही निश्चितच आनंदाची बाब होय. घरबसल्या चार पैसे मिळणे ही कोरडवाहू भागात लहान गोष्ट नव्हे. परंतु एकाच नमुन्याच्या पन्नास पिशव्या महिनाअखेर हव्यात अशी मागणी आली, की काय घडते याचाही विचार व्हावा. भराभर निघणारा टाका तेवढा वापरात राहतो. वेळ मागणारे टाके बाजूला पडतात. आईला शेजारी बसलेल्या मुलीची सुई दुरुस्त करावयास सवड उरत नाही. माल घराबाहेर जातो. मात्र तो करण्याची विद्या घरातल्या घरातही पुढे सरकत नाही.

शिंप्याच्या कुळातील संत

शिवणविद्येची प्रतिष्ठा मराठवाड्याला नवी नाही. संत नामदेव शिंपी समाजातले. त्यांचे नाव लाभलेले नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी ज्या नांदेडात देह ठेवला, तेथे गोदातीरी तो ग्रंथ आज नित्य वाचला जातो. नामदेवांनी किती कपडे शिवले हे कोणाच्याही स्मरणात नाही. त्यांनी काय दिले हे मात्र पंजाबपर्यंत स्मरणात आहे. देण्याचे मोल मोजण्याची एक निराळी रीत या भूमीला पूर्वीपासून माहीत आहे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

जेथे मोजमाप हवेच

याचा अर्थ असा नव्हे, की शिवणकामात संख्या, मुदत आणि काटेकोरपणा यांना स्थानच नसावे. याचेही उत्तम उदाहरण याच दोन जिल्ह्यांत आहे. नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्यासाठी लागणारी खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणली जाते. ध्वजसंहितेने ध्वजाची ९ प्रमाण मापे ठरवून दिली आहेत. सर्वांत मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद, तर सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, तिन्ही पट्टे समान रुंदीचे, अशोकचक्रात २४ आरे आणि ते चक्र दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसणारे. येथे 'साधारण' हा शब्द चालत नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. मापांचा काटेकोरपणा मात्र कायम आहे.

या ध्वजाला मागणी असते ती प्रामुख्याने २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला. मराठवाड्यात त्यात १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची भर पडते. म्हणजे या कामालाही मोसम आहे. ध्वजाच्या कामात माप, मुदत आणि मजुरी या तिन्ही गोष्टी आधी स्पष्ट असतात. उत्पादन असे असावे. ते उघडपणे उत्पादन म्हणूनच मागावे आणि त्याचे दामही त्याच हिशेबाने द्यावे. घोटाळा होतो तो शिकविण्याच्या नावाखाली उत्पादन मागितले म्हणजे.

वर्गाचा हिशेब

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, ही तरतूद आपणा सर्वांना माहीत आहे. अशा निधीतून शिवणवर्ग चालतात, शिलाई यंत्रे दिली जातात. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे 'उमेद' अभियान यांनी बचत गटांना बळ दिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. या साऱ्या गोष्टी स्वागतार्ह आहेत.

परंतु वर्ग पूर्ण झाल्यावर कागदावर काय नोंदविले जाते? किती दिवस वर्ग चालला, किती महिला बसल्या, किती नग शिवून झाले. प्रशिक्षिकेच्या मनावर या शेवटच्या रकान्याचे ओझे असते. नग दिसावेत म्हणून ती कठीण भाग स्वतःच उरकते. मुंढा तीच कापते, गळ्याची उरेब पट्टी तीच बसविते आणि शिकणाऱ्या स्त्रिया सरळ शिलाई तेवढी मारतात. समारोपाच्या दिवशी दोरीवर सुंदर झबली आणि परकर टांगलेले दिसतात. पाहुणे समाधानाने परततात. पुढच्या महिन्यात त्यातली एखादी स्त्री घरी ब्लाउज बेतावयास बसते तेव्हा मुंढ्यापाशी तिची कात्री थांबते. यंत्रावर कापड झाकून ते कोपऱ्यात जाते. नगांचा रकाना भरला, पण विद्या रिकामीच राहिली.

वास्तविक पाहता शिवणवर्गातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, तर उसविलेली शिलाई. उरेब कापड हातात ताणते, उभ्या धाग्यावरचे ताणत नाही. नवे सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतू नये, नाही तर शिवलेला कपडा धुतल्यावर आटतो. खालचा दोरा वर दिसू लागला तर वरच्या दोऱ्याचा ताण अधिक झाला आहे. हे एकेक ज्ञान एकेका बिघडलेल्या कपड्याने विकत घेतलेले असते. बिघडू देण्यास जो वर्ग भितो, तो हे ज्ञान देऊ शकत नाही.

गणवेशाचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी राज्य स्तरावरून कापड पुरवून शाळांचे गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची व्यवस्था झाली. गावातील स्त्रियांना काम मिळावे हा हेतू उत्तम होता. तथापि अनेक ठिकाणी गणवेश वेळेवर पोचले नाहीत आणि मापांविषयी तक्रारी आल्या. पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. सुईचा वेग हुकमाने वाढत नाही, आणि शिकत असलेला हात हा सरावलेला हात नव्हे, हा बोध यातून प्रत्येक पातळीवर घेता येईल. आधी शिक्षण पुरे होऊ द्यावे, मग काम सोपवावे.

दूरदेशीचा एक दाखला

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर वसलेले जीज बेंड नावाचे एक गाव आहे. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांपासून, अगदी आपल्या गोधडीसारखी, पांघरुणे शिवीत आल्या. १९६६ मध्ये त्या आणि परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. मजुरी मिळाली, आधार मिळाला. परंतु प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच हवा, अशी अट आली. आपल्या मनाने तुकडे जुळविण्याची मोकळीक त्या कामात नव्हती.

त्या स्त्रियांनी यावर काढलेला मार्ग बोधप्रद आहे. अभ्र्यांच्या कामातून उरलेल्या कॉर्डुरॉय कापडाच्या चिंध्या त्यांनी घरी नेल्या आणि फावल्या वेळात, कोणाची मुदत नसताना, आपल्या रीतीने पांघरुणे शिवली. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत या गावच्या पांघरुणांचे प्रदर्शन भरले तेव्हा जगाने नावाजली ती घरासाठी, आपल्या मनाने शिवलेली पांघरुणे. दुकानासाठी केलेल्या कामाने त्यांचे घर चालले, तर घरासाठी केलेल्या कामाने त्यांची विद्या जिवंत राहिली. दोन्ही हवीत, एकीने दुसरीला गिळू नये.

करता येण्यासारखे

नांदेड-लातूरच्या गावांत यासाठी काही मोठा खर्च करावा लागेल असे नाही. नोंद ठेवण्याची रीत थोडी बदलावी लागेल. शिवणवर्गाच्या अहवालात 'किती नग शिवले' याच्या शेजारी 'कोणाला कोणता भाग स्वतंत्रपणे बेतता येतो' असा एक रकाना असावा. वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी प्रशिक्षिकेने एकदा गावी जाऊन किती यंत्रे चालू आहेत हे पाहावे. अहवालाचा खरा शेवट तेथे व्हावा.

वर्गाचे वेळापत्रक पिकाकडे पाहून आखावे. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत भरविलेल्या वर्गाला उपस्थिती नसते, आणि दोष मात्र स्त्रियांच्या अनास्थेला दिला जातो. पाडव्यानंतरचे आठ-दहा आठवडे हा या विद्येचा जुना मोसम आहे. तोच वर्गासाठी घ्यावा.

गावातील गोधडी जाणणाऱ्या वयोवृद्ध स्त्रीला मानधन देऊन शाळेत बोलवावे. कार्यानुभवाच्या तासाला तिने मुलींना आणि मुलांनाही टाका दाखवावा. तिच्याकडून वस्तूची अपेक्षा ठेवू नये. ती एक दिवस आली नाही तर कारण विचारण्याऐवजी प्रकृती विचारावी.

आता हातोहाती भ्रमणध्वनी आले आहेत, आणि खेड्यातील शिंपीण आपला बेत चित्रित करून दूरच्या भगिनीला दाखवू शकते. हे साधन मोठे आहे. पण त्याबरोबर एक नवा धाकही आला आहे. आज एक दाखविले, उद्या काय? रोज नवे दाखविले नाही तर लोक विसरतील, अशी चिंता शिकविणाऱ्या स्त्रियांना लागते. त्यात जुने ज्ञान घाईने उरकले जाते किंवा त्याच गोष्टी वेश बदलून पुन्हा दाखविल्या जातात. अशा भगिनींना सांगावयास हवे, की नीट दाखविलेला एक मुंढा दहा वर्षे शिकवीत राहतो. मुंढा कापण्याची रीत दर आठवड्याला बदलत नाही. जी गोष्ट एकदा मन लावून, सावकाश, चुकीसकट दाखविली, ती ज्याला हवी त्याला हवी तेव्हा पुन्हा पाहता येते. मधल्या काळात शिकविणारीने शेत करावे, मुलांचा अभ्यास घ्यावा, किंवा काहीच करू नये. आषाढात ओसरी रिकामी असते म्हणून गोधडीची विद्या संपली असे कोणी मानीत नाही. तोच न्याय तिलाही लागू करावा.

ज्यांना शिलाईवर पोट चालवायचे आहे, त्यांचा मार्ग वेगळा आणि तितकाच मानाचा आहे. त्यांना काम मिळावे, माप आणि मुदत आधी कळावी, मजुरी वेळेवर मिळावी. त्यांच्याकडून फुकट शिकविण्याची अपेक्षा ठेवणे हाही अन्यायच. जी स्त्री शिकविते तिच्याकडे नग मागू नयेत आणि जी नग शिवते तिच्याकडे फुकट शिकवणी मागू नये. कोणी दोन्ही आनंदाने करीत असेल, तर दोन्हींचे मोल स्वतंत्रपणे द्यावे.

श्रोतेहो, चांगला शिंपी कापड बेतताना उद्याच्या वाढीची जागा आजच राखून ठेवतो. ती जागा कपड्याच्या आत असते, बाहेरून कोणाला दिसत नाही, आणि बिलात तिचे वेगळे दाम लावले जात नाहीत. तरीही कपडा टिकतो तो तिच्यामुळेच. शिवणवर्गांची आखणी करताना, प्रशिक्षिकांची नेमणूक करताना आणि अहवालाचे रकाने आखताना तेवढी माया आपण सोडली, तर या दोन जिल्ह्यांतील सुई पुढच्या पिढीच्या हातात सुखरूप पोचेल.